कडीवरचा पंचा

दादा,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. अंगणातल्या मांडवाची झापं उतरवून झाली. वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि आई अंगणात बसून कोकमाची सोलं उलथीपालथी करते आहे. मधले काही दिवस त्या सोलांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. तरी ती आपली वाळत आली. मला शाळेची मे महिन्याची सुट्टी आहे, म्हणून मी अजून इथेच माहेरी आहे.

वाचनालयाची माणसं शोकसभेसाठी तुझी माहिती घ्यायला आली होती. त्यांनी आधीच लिहून आणलं होतं, 'थोर अणुशास्त्रज्ञ'. मी ते खोडायला लावलं. तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसला असतास. म्हटलं, तो अणुवीज केंद्रात पाळीवरचा प्रमुख होता, शिफ्ट इन्चार्ज. नियंत्रण कक्षात बसून आपल्या पाळीची माणसं आणि ते यंत्र सांभाळायचा. त्यांचा चेहरा पडला. मग जन्म, शिक्षण, नोकरी असं सगळं त्यांनी मागितलं ते सांगितलं. ते त्यांच्याकडे राहू दे. मी तुझ्याशी बोलायला बसले आहे, कारण माझं एक बोलणं राहिलंय. तू झोपून उठलास की सांगणार होते.

पंच्याची गोष्ट वहिनीनं सुरू केली होती ना? लग्न होऊन ती तुमच्या कॉलनीत आली आणि पहिल्याच आठवड्यात तुझी रात्रपाळी. तू सकाळी येऊन झोपायचास आणि दारावर दूधवाला, भंगारवाला, शेजारीण, शेजारणीची मुलं. बिचारी नवी नवरी दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि येईल त्याला हातानं परत धाडायची. शेवटी एक दिवस तिनं तुझा पंचा बाहेरच्या कडीला बांधला आणि आळीत सांगून ठेवलं की पंचा दिसला म्हणजे आतला माणूस रात्रपाळीचा आहे, हाक मारायची नाही. पुढे त्या अख्ख्या आळीत दारोदार कडीला काही ना काही लागलं, कुणाचा टॉवेल, कुणाची लुंगी. तू हे रंगवून सांगायचास आणि वहिनी उठून आत जायची.

मग तू तो पंचा गावातही आणलास. पहिल्यांदा आईनं तुला काय सुनावलं होतं ते अजून माझ्या कानात आहे. "दिवसाढवळ्या दार लावन निजाक तू काय बाळंतीण आसस?" आपल्याकडे उजेड असेपर्यंत दार लावायची रीत नाही आणि दिवसा झोपणारा म्हणजे दळिद्री. शेजारच्या काकीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुझ्या भावाची नोकरी गेली काय गो? एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी, एक आठवडा रात्रपाळी, असं वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाची झोप रजेवर आला म्हणून जाग्यावर येत नाही, हे आम्हाला कुणी सांगावं? तू म्हणायचास, "माझ्या आंगात तीन घड्याळां आसत गो बाय, आणि एकव बरोबर नाय." आई कुरकुरत राहिली, पण पंचा लागला की कोंबड्यांनासुद्धा लांब हाकलायची.

तुला आठवतं, मला वाचायला तू शिकवलंस? आजोळाहून परतताना स्टँडवर आपण मालवणच्या गाडीची वाट बघत उभे असायचो. गाडी आली की तू विचारायचास, खंयची गाडी? मी 'मा' बघायचे आणि मालवण म्हणून मोकळी व्हायचे. एकदा पाटी माणगावची होती. मी चढायला निघाले, तू मागून फ्रॉक धरून ओढलंस, मला उचललंस आणि म्हणालास, "बोट ठेवन वाच." त्या धुळीच्या पाटीवर एकेका अक्षरावर बोट ठेवून मी मोठ्यानं माणगाव वाचलं. लोक हसत होते. मी तुझ्यावर दोन दिवस रुसले होते. आज तेवीस-चोवीस पोरांच्या पहिलीच्या वर्गात मी दिवसभर तेच बोलते आणि ते तुझं आहे हे विसरूनही गेले होते.

तुझी नोकरी मला खरी कळली ती माझं लग्न झाल्यावर. हे तुझ्याच पाळीवर. घरी तू ह्यांना भावजी म्हणायचास आणि कामावर नुसतं परब. मला त्याचा राग यायचा. हे म्हणायचे, अगं, तिथे भावजी म्हटलं तर माझ्या हातून चूक झाल्यावर तो मला ओरडणार कसा? तेव्हा मला तुमच्या कामाची एक गोष्ट समजली. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाळी संपली, घरी जेवण थंड होतंय, बायको वाट बघते आहे, काही असो, समोरून माणूस आला, त्यानं सगळं समजून घेतलं, मगच उठायचं. तो आलाच नाही तर त्याची पाळीही आपणच करायची. त्याला तुम्ही डबल म्हणता.

आणि आपल्या माणसांनी त्या डबलचं काय केलं? त्याची चतुर्थीची सोय केली. त्या केंद्रात कोकणातली माणसं ढिगानं आणि चतुर्थीला घरी जायचं नाही म्हणजे जन्माला येऊन काय केलं? मग श्रावण लागला की सुरू. आज मी तुझी पाळी करतो, उद्या तू माझी कर. लागोपाठ डबल करायच्या, त्याच्या बदल्यात सुट्ट्या साठवायच्या आणि गाडीत बसायचं. इथे येऊन रात्रभर भजनं, आरत्या, उसळी, परत रात्रभर एसटीत मान टाकून प्रवास आणि उतरलं की तोंडावर पाणी मारून थेट पाळीवर. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. तूही आधी तेच करायचास की रे. गावात कौतुक व्हायचं, काय पोरगा आहे, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी कामावर हजर.

ते कौतुक तुला पुढे पुढे सोसेना. आठवतं ना, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी? पहाटेपर्यंत दशावतार बघून आपण सगळे पडवीत पेज जेवत होतो. संकासुराच्या सोंगाला तू सगळ्यांत मोठ्यानं हसला होतास, त्यामुळे तुझ्या तोंडून असं काही येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. काका सांगत होते की त्यांच्या ओळखीच्या ट्रकवाल्यानं तीन रात्री न झोपता माल पोचवला. तू पेजेची वाटी खाली ठेवलीस. "दारू पिलेल्याच्या हातात कोण गाडी देणा नाय, काका. रातभर जागलेल्याच्या हातात मात्र सगळे देतत, वर शाबासकी देतत." काका म्हणाले, अरे, दमला तर तो स्वतःच सांगेल ना? त्यावर तू म्हणालास, "दमलेलो माणूस आपण दमलंय असा कधी सांगणा नाय. ता सांगूची अक्कलच पयली दमता." काकांनी विषय बदलून लोणचं मागितलं. मला तू तेव्हा जरा आगाऊच वाटलास.

मग रशियातलं अणुवीज केंद्र फुटल्याची बातमी रेडिओवर आली. तू रजेवर होतास. गावातला जो तो विचारायला येत होता, तुमचं पण तसं फुटेल काय, वारा इकडे येईल काय. तू सगळ्यांना नीट उत्तरं दिलीस, ते यंत्र वेगळं, हे वेगळं, घाबरू नका. माणसं गेल्यावर तू माझ्याकडे वळून विचारलंस, "बाय, बातमीत सांगल्यानी काय, खंयच्या पाळीचे होते ते?" मी म्हटलं, असं कुठे बातमीत सांगतात? तू म्हणालास, "रातपाळीचेच आसतले."

त्याच वर्षीची ती चतुर्थी. आपलं भांडण तिथलं.

माझे सासरे त्या वर्षी अंथरुणाला खिळत चालले होते. सगळ्यांना दिसत होतं की ही त्यांची शेवटची चतुर्थी. ह्यांनी श्रावणात डबलमागून डबल केल्या, पाचही दिवस बापाजवळ राहता यावं म्हणून. आणि श्रावण संपता संपता तू नियम काढलास. तुझ्या पाळीवर कुणी सुट्टी साठवण्यासाठी डबल करायची नाही. बदलीचा माणूस आलाच नाही तर गोष्ट वेगळी, पण मग दुसऱ्या दिवशी त्यानं घरी झोपायचं. आणि गावाहून परत आलेल्यानं एक रात्र नीट झोप काढल्याशिवाय पाळीवर यायचं नाही. झालं, हिशेब कोलमडला. अर्ध्यांनाच रजा मिळणार. चिठ्ठ्या टाकल्या आणि ह्यांची चिठ्ठी निघाली नाही.

त्या वर्षी आमच्या गणपतीची पूजा सासऱ्यांनी पाटावर भिंतीला टेकून केली. माझा धाकटा दीर त्यांचं मनगट धरून फूल वाहायला लावत होता. आरतीला ते सारखे दाराकडे बघत होते. दिवाळी आली आणि ते गेले. हे पोचले ते थेट स्मशानात.

गावात तुझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते तुझ्या कानावर आलं असणारच. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत त्यांच्या घरून आलं. साहेब झाला आणि गावाला विसरला. गणपतीपेक्षा याला यंत्र मोठं. तूही त्या चतुर्थीला आला नाहीस, आपल्या घरची पूजा चुलत भावानं केली, याची कुणाला आठवण नव्हती. मलाही नव्हती. मी पुढच्या मे महिन्याची वाट बघत होते. तू आलास, आणि तू हात धुवत असतानाच मी म्हटलं, "दादा, तुझ्या यंत्राक बापूस नाय, म्हणान आमकांव नको?" तू हात धूतच राहिलास. तांब्यातलं पाणी संपलं तरी हात तसेच. मग म्हणालास, "माझा चुकला असात, बाय. पण परत वेळ इली तर मी तसाच करतलंय."

त्यानंतर आपण बोलत होतो, हसत होतो, तू माझ्यासाठी साडी आणलीस, मी तुला फणसाची भाजी पाठवली. पण ते बोलणं तिथेच पडून राहिलं. तुझ्याजवळ बसलं की मला सासऱ्यांचे दाराकडे लागलेले डोळे दिसायचे. तुलाही ते कळत होतं. एरवी माझी एकही गोष्ट न चिडवता सोडायचा नाहीस, तो तू माझ्याशी जपून बोलायला लागलास. मला तेच जास्त लागायचं.

आता ऐक. मला सांगायचं होतं ते हे.

या मे महिन्यात हे तुझ्या आधी दोन दिवस घरी आले. आम्ही मागल्या दारी सोलांसाठी रातांबे फोडत बसलो होतो, दोघांचे हात लालभडक. मी सहज म्हटलं, परवा दादा येतोय, जाऊन यायला हवं. माझा सूर ह्यांना कळला असावा. ह्यांनी हातातला रातांबा खाली ठेवला.

"तू अजून त्याच्यार राग धरून आसस?"

"नाय तर काय आरती करू त्याची?"

"तो नियम माझ्यामुळे इलो," हे म्हणाले. "त्यान तुका सांगूक नाय, आणि माका सांगूक तोंड नव्हता."

मग ह्यांनी सांगितलं. त्या श्रावणात रात्रपाळी करून हे लगेच सकाळपाळीला उभे राहिले होते. वीज बनवणारे दोन संच शेजारी शेजारी, एक दुरुस्तीला बंद, एक चालू, दोघांचं सगळं एकसारखं. तू कक्षातून फोन केलास की अमुक नंबरचा व्हॉल्व्ह उघडायचा. हे गेले, चाकावर हात ठेवला आणि फोनवर म्हणाले, उघडतो. तू म्हणालास, आधी पट्टीवरचा नंबर वाच. ह्यांनी वाचला. बरोबर वाचला, तू सांगितलेला तस्साच. तुला आवाजात काय ऐकू आलं कुणास ठाऊक. मग म्हणालास, "परब, बोट ठेवन वाच."

ह्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. एकेक आकडा वाचला. नंबर दुसऱ्या संचाचा होता. चालत्या, भरल्या संचाचा.

"माका पयलो नंबर दिसलोच नव्हतो," हे सांगत होते. "तुझ्या दादान सांगलेलो तोच माझ्या डोळ्यांक दिसा होतो. मी जागो होतंय गो. डोळे उघडे होते. माका झोपव येय नव्हती."

मी विचारलं, उघडला असता तर काय झालं असतं? हे म्हणाले, काही नाही, बहुतेक संच आपोआप बंद पडला असता, त्याच्या वर आणखी सोयी असतात. मग म्हणाले, बहुतेक.

तू ह्यांना कक्षात बोलावलंस, खुर्चीवर बसवलंस, चहा पाजलास आणि दुसरा माणूस शोधून ह्यांना घरी झोपायला धाडलंस. वर साहेबांना जे सांगितलंस ते असं सांगितलंस, की माणूस रात्रभर जागलेला होता आणि त्याला पुन्हा पाळीवर उभा करणारा मी, तेव्हा चूक माझी. तो नियम तिथून आला. आणि मी तुला हात धुताना बोलले तेव्हा एका वाक्यात तू मला गप्प करू शकला असतास. तू केलं नाहीस. माझ्या नवऱ्याची मान माझ्यासमोर खाली जाऊ नये म्हणून तू माझा राग घेऊन बसलास. एवढा शहाणपणा कुणी सांगितला होता तुला? मला तुझा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी तुझ्याशी कडाकडा भांडावंसं वाटतं.

मी रातांब्यांच्या रसात हात तसेच ठेवून रडले. ह्यांना वाटलं सासऱ्यांच्या आठवणीनं. ती पाटी मला दिसत होती, दादा, माणगावची.

आणि तरी सांगते, सासऱ्यांची ती चतुर्थी मला आजही बोचते. तुझं बरोबर होतं म्हणून त्या म्हाताऱ्याचं दाराकडे बघणं खोटं होत नाही. तुलाही तसं वाटत असणार, नाहीतर तू 'माझा चुकला असात' असं म्हणाला नसतास. हेच मला तुझ्याजवळ बसून बोलायचं होतं. दोन्ही गोष्टी बोलायच्या होत्या.

आम्ही आलो तेव्हा तू अंगणात आईबरोबर बसला होतास. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, किती काळवंडलास, तर म्हणालास, ऊन. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. तू सोलकढी दोनदा मागून घेतलीस, ह्यांना चिडवलंस, वहिनीला वाढायला उठू दिलं नाहीस. जेवण झाल्यावर कपाटातून स्वतःच पंचा काढून माझ्या हातात दिलास.

"बाय, मी जरा पडतंय. पंचा लाव."

"लावतंय. पण उठल्यार माका तुझ्याशी एक बोलूचा आसा."

"आता बोल."

"नाय. तू आधी नीज. दमलंस."

तू हसलास. "दमलंय म्हणान कोणी सांगल्यान तुका?"

आणि आत गेलास. मी दार ओढून घेतलं आणि कडीला पंचा बांधला, चांगली गाठ मारून.

मग मी राखण करत बसले. दुपारभर इतकी मनापासून राखण मी कधी केली नसेल. माझ्या मनात तुझं ऋण होतं ना. पोरांना आंब्याखाली पिटाळलं. वहिनीला म्हटलं, तूही आडवी हो, मी आहे. मासेवाली आली, तिनं हाक मारायला तोंड उघडलं तशी मी ओठांवर बोट ठेवून पंच्याकडे दाखवलं. तिनं पाटी उतरवली आणि कुजबुजत भाव सांगितला, मीही कुजबुजत घासाघीस केली. दोघींना हसू आवरत नव्हतं. जाताना हळूच म्हणाली, "निजांदेत बापडो." एक कावळा कौलावर ओरडत होता, त्याला मी दोनदा हाकललं. मधूनमधून वाक्य जुळवत होते. सुरुवात कशी करू? दादा, मला ह्यांनी सांगितलं. की दादा, तुला ती माणगावची गाडी आठवते?

उन्हं कलली. मी चहाचं आधण ठेवलं. आई दिवा लावायला उठली आणि म्हणाली, "उठय त्याका. तिन्हीसांजा कोण निजता?"

मी म्हटलं, "थांब गो आई, पंचा आसा."

तुझा नियम एका बाजूला आणि आईचा दुसऱ्या. मी तुझ्या बाजूनं भांडले, जरा वेळ. आई मला ओलांडून गेली आणि तिनं दार ढकललं.

मालवणहून डॉक्टर मोटरसायकलवर आले. म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच, बराच वेळ झाला. म्हणाले, तुम्ही मध्ये उठवायला गेला असता तरी काही झालं नसतं. त्यांनी ते तीनदा सांगितलं, माझ्याकडे बघून. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे. ठेवला नाही तर मला जगता यायचं नाही.

पण तुझ्यावर माझा राग आहे, तो सांगून टाकते. चौथ्या दिवशी वहिनी बोलली. तुझ्या जोडीचा दुसरा प्रमुख हिवाळ्यापासून आजारी, त्याच्या जागी माणूस दिलेला नाही. बदलीला कुणी यायचं नाही आणि तू उठायचा नाहीस. डबल, परत डबल. कुणाला करू द्यायचा नाहीस, स्वतः मात्र करायचास. गावाला निघालास तोही पाळीवरून उतरून थेट एसटीत. वहिनी म्हणाली, मी बोलले की म्हणायचे, माका काय जाला नाय. दमलेला माणूस स्वतः सांगत नाही हे आम्हाला पेजेच्या पंगतीत शिकवणारा तू. मग तुझ्या पाळीवर तुला 'बोट ठेवन वाच' म्हणणारा कोण होता? साऱ्या केंद्रात एकही नव्हता? कॉलनीतून तुझे साहेब येऊन बसले होते, कर्तव्यदक्ष होता म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि आत निघून गेले. तिथेच उभी राहिले असते तर काहीतरी बोलले असते. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

या सगळ्या दिवसांत पंचा कडीलाच राहिला. माणसं आली गेली, दार दिवसरात्र उघडं होतं, पण गाठ सोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. गंमत सांगू? घरात येणारा प्रत्येकजण त्याच्याकडे बघून आवाज खाली करायचा. काकासुद्धा.

आज सकाळी मी तो सोडला. गाठ घट्ट बसली होती, नखं लावावी लागली. धुतला, अंगणात सोलांच्या शेजारी वाळत घातला आणि घडी करून ह्यांच्या पिशवीत ठेवला. ह्यांची पाळी परवा सकाळी आहे. हे उद्या रात्रीच्या गाडीनं निघून परवा उतरल्यावर थेट कामावर जाणार होते. तू नाहीस, नियम बघायला कोण आहे तिथे? मी म्हटलं, आज दुपारच्याच गाडीनं जायचं.

"एक दिवस आधी कित्याक?" आई म्हणाली. "दुखवट्याच्या घरात जावय अजून एक दिवस ऱ्हवलो तर काय बिघाडला?"

"निजाक," मी म्हटलं.

पिशवीत हात घालून ह्यांनी पंचा वर आहे ना ते बघितलं आणि चपला घातल्या. गाडी आली तेव्हा मी पाटी वाचली, बोट नव्हतं ठेवलं, पण एकेक अक्षर वाचलं.

घरी येऊन चहा केला. तुझ्या खोलीत आले. खाटेवर कुणी अजून बसत नाही, मी बसले. दार उघडंच ठेवलं, कडी मोकळी. आई बाहेर कोंबड्यांवर ओरडत होती आणि मी तिला गप्प केलं नाही. कप तुझ्या उशाशी ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, कुजबुजत नाही, म्हटलं, "दादा, ह्यांनी माका सांगल्यानी. माका कळला."

चहा निवला. मग मीच तो प्यायले.